'पाणी' की 'पानी'? बोलताना आपल्या तोंडात नेमकं काय घडतं?

एखाद्या रीलमध्ये कुणी 'पानी' किंवा 'कोनी' म्हणालं, की खाली कमेंट्सचा पाऊस पडतो. 'आधी बोलायला शिका', 'ण म्हणता येत नाही का?', हसणाऱ्या इमोजींची रांग. व्हीडिओत काय सांगितलंय, याकडे मग कुणाचं लक्षच राहत नाही.

गावाकडून पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या अनेक मुलामुलींना हा अनुभव नवा नसतो. वर्गात उत्तर येत असतं, पण 'न' आणि 'ण'च्या भीतीनं हात वर होत नाही.

पण 'न' आणि 'ण' यांत नेमका फरक काय आहे? 'पानी' म्हणणाऱ्याची जीभ खरंच 'जड' असते का? याचं उत्तर ध्वनिविज्ञानात आहे. आणि ते समजून घ्यायला मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्यातली गावांची नावं पुरेशी आहेत.

आवाज तयार कसा होतो?

आपण बोलतो ते श्वास सोडताना. फुप्फुसांतून निघालेली हवा श्वासनलिकेतून वर येते आणि गळ्यातल्या स्वरयंत्रात पोहोचते. तिथे स्नायूंच्या दोन घड्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. ते जवळ आले की हवेच्या दाबानं थरथरू लागतात. ही थरथर सेकंदाला शंभराहून जास्त वेळा होऊ शकते.

गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि लांबवर 'स्स्स' म्हणा. काहीच जाणवणार नाही. आता 'म्म्म' म्हणा. बोटांना कंप जाणवेल. कंप नसलेला ध्वनी म्हणजे अघोष आणि कंप असलेला म्हणजे घोष.

आता 'म्म्म' म्हणत असतानाच नाक चिमटीत धरा. आवाज बंद पडेल. कारण 'म' म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकातून बाहेर पडत असते. टाळूचा मागचा मऊ भाग पडद्यासारखा वर-खाली होतो. तो खाली आला, की नाकाची वाट उघडते. असे ध्वनी म्हणजे अनुनासिक.

कोणत्याही व्यंजनाला विचारायचे तीन प्रश्न

जगातल्या कुठल्याही भाषेतलं व्यंजन ओळखायला मुख्यतः तीन प्रश्न विचारले जातात.

पहिला, हवा कुठे अडते? ओठांशी, दातांशी, की टाळूशी?

दुसरा, हवा कशी अडते? 'प' म्हणताना ती पूर्ण अडते आणि मग एकदम सुटते. 'स' म्हणताना ती अरुंद फटीतून घासत जाते. 'ल' म्हणताना मध्ये जीभ असते आणि हवा बाजूंनी निसटते.

तिसरा, स्वरतंतू थरथरतात का?

मराठीत आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे हवेचा झोत. तळहात तोंडासमोर धरून 'कार' आणि 'खार' म्हणा. 'खार' म्हणताना हाताला जास्त हवा लागेल. म्हणून 'क' अल्पप्राण आणि 'ख' महाप्राण.

स्वरांचं गणित वेगळं आहे. त्यांत हवा अडतच नाही. जीभ किती वर आहे, पुढे आहे की मागे आणि ओठ गोल आहेत की पसरलेले, यावरून स्वर ठरतो. आरशासमोर 'हिंगोली' म्हणून पाहा. 'हिं'ला ओठ पसरतात, 'गो'ला गोल होतात आणि 'ली'ला पुन्हा पसरतात.

एकच टिंब, पाच उच्चार

आता ही पाच नावं सावकाश म्हणा: हिंगोली, पंचायत, औंढा, नांदेड, अंबाजोगाई.

पाचही शब्दांत लिहिताना एकच अनुस्वार आहे. पण 'हिंगोली'त जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला लागतो, तो 'ङ'. 'पंचायत'मध्ये जिभेचा मधला भाग कठोर टाळूला लागतो, तो 'ञ'. 'औंढा' म्हणताना जिभेचं टोक मागे वळतं, तो 'ण'. 'नांदेड'मध्ये ते वरच्या दातांपाशी येतं, तो 'न'. आणि 'अंबाजोगाई'त ओठ मिटतात, तो 'म'.

घशाकडून ओठांकडे असा हा प्रवास आहे. शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेतल्या क, च, ट, त, प या वर्गांचा क्रमही हाच आहे. प्रत्येक ओळीत आधी अघोष, मग घोष आणि शेवटी अनुनासिक. म्हणजे आपली वर्णमाला हा खरं तर तोंडाचा नकाशा आहे.

भारतातल्या शिक्षा आणि प्रातिशाख्य ग्रंथांनी ही मांडणी दोन हजार वर्षांपूर्वीच केली होती. १९व्या शतकात युरोपातल्या अभ्यासकांनी हे ग्रंथ वाचले आणि आधुनिक ध्वनिविज्ञानाला त्याचा मोठा उपयोग झाला. १८८६मध्ये पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघटना सुरू झाली. जगभरातले ध्वनी एकाच पद्धतीनं लिहिता यावेत म्हणून तिनं लिपी तयार केली. त्या लिपीत 'न'साठी रोमन 'एन' वापरतात. 'ण'साठीही 'एन'च, फक्त त्याच्या उजव्या पायाला एक छोटी शेपटी जोडलेली असते.

मग 'न' आणि 'ण'मध्ये फरक किती?

तेवढाच, त्या शेपटीएवढा. दोन्ही ध्वनी घोष आहेत, दोन्ही अनुनासिक आहेत, दोन्हींत हवा नाकातून जाते. फरक फक्त जागेचा. 'न'साठी जिभेचं टोक वरच्या दातांपाशी टेकतं आणि 'ण'साठी ते मागे वळून टाळूकडे जातं. हे अंतर जेमतेम बोटाच्या रुंदीएवढं आहे.

विदर्भात, मराठवाड्याच्या अनेक भागांत, खानदेशात आणि आगरी बोलणाऱ्यांमध्ये 'ण'च्या जागी 'न' येतो. पण यात एक गंमत आहे. 'पानी' म्हणणारा माणूस 'औंढा' किंवा 'पंढरपूर' कसं म्हणतो? तिथे त्याची जीभ 'ढ'साठी मागे वळलेलीच असते, त्यामुळे 'ण' आपोआप येतो. म्हणजे 'ण' त्याच्या तोंडात आहेच. जीभ जड नाही. फक्त त्याच्या बोलीत 'न' आणि 'ण' हे दोन वेगळे शब्द पाडणारे ध्वनी नाहीत.

त्यामुळे घोटाळा होत नाही का? फारच क्वचित. मन आणि मण, तन आणि तण अशा काही जोड्यांत अर्थ बदलतो. पण 'शेतात तन माजलंय' असं म्हटल्यावर कुणीही ते शरीराबद्दल आहे असं समजत नाही.

प्रमाण मराठीतही असं चालतंच. 'सारं जग' मधला 'ज' आणि 'तू जग' मधला 'ज' वेगळा आहे. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च'ही वेगळा आहे. एका उच्चारात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात दातांकडे सरकते. लिपीत हा फरक दिसत नाही, तरी कुणाचं काही अडत नाही.

'मूळ शुद्ध उच्चार' कोणता?

'पानी' अशुद्ध आणि 'पाणी' शुद्ध, असं म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. 'पाणी' हा शब्द संस्कृतमधल्या 'पानीय' या शब्दावरून आला आहे. त्यात 'न' आहे. प्राकृतात दोन स्वरांमधला एकटा 'न' बदलून 'ण' झाला आणि तो मराठीत आला. 'चार जण' मधला 'जण'ही असाच, मूळ शब्द 'जन'.

उलटा प्रवासही झाला. संस्कृत 'कर्ण'चा प्राकृतात 'कण्ण' झाला आणि मराठीत 'कान'. 'पर्ण'चं 'पान' झालं. इथे मूळ 'ण' होता आणि आपण 'न' केला. 'कान' आणि 'पान' म्हणताना मात्र कुणाला चूक केल्यासारखं वाटत नाही.

म्हणजे 'न' आणि 'ण' यांची अदलाबदल ही गावाकडच्या माणसानं केलेली गडबड नाही. ज्या बदलांतून मराठी घडली, त्याच प्रकारचा हा बदल आहे. फरक इतकाच, की एका बदलाला पाठ्यपुस्तकात जागा मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही.

वसमत, कळमनुरी आणि नामदेवांचा विठ्ठल

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेल्या हिंगोली जिल्ह्याला वाशिम आणि यवतमाळ हे विदर्भातले जिल्हे लागून आहेत. इथल्या कळमनुरीच्या नावात 'ळ' आहे. हा ध्वनी काढताना जीभ मागे वळते आणि झटक्यानं पुढे येते. वऱ्हाडीत त्याचा अनेकदा 'य' होतो: डोळा 'डोया', काळा 'काया'. आगरीत त्याच 'ळ'चा 'ल' होतो. गोष्ट तीच, जिभेनं वेगळी वाट घेतली.

याच जिल्ह्यातल्या वसमतचं नाव इंग्रजीत 'बसमत' असं लिहिलं जातं. 'व' आणि 'ब' दोन्ही ओठांच्या मदतीनं निघतात. 'व'मध्ये हवा वाहती राहते, 'ब'मध्ये ती क्षणभर अडते.

हाच बदल एका मोठ्या ग्रंथातही दिसतो. हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मस्थान मानलं जातं. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. तिथे त्यांचा विठ्ठल 'बीठल' या रूपात येतो. 'व'चा 'ब' झाला, पण त्या पदांचा मान तसूभरही कमी झाला नाही. पंजाबमधल्या ज्या घुमानशी नामदेवांचं नाव जोडलेलं आहे, तिथे २०१५मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरलं.

मग प्रमाण उच्चार शिकायचाच नाही का?

जरूर शिकावा. बातम्या वाचायच्या असतील, निवेदन करायचं असेल, तर प्रमाण उच्चार कामाला येतो. लिहितानाही 'पाणी'च लिहावं लागतं. आणि ते अवघड नाही. आधी 'औंढा' म्हणा. 'औं'नंतर जीभ जिथे टेकली तिथेच थांबवा आणि तिथूनच 'णी' म्हणा. हाच तो 'ण'. थोड्या दिवसांच्या सरावानं तो 'पाणी'तही येतो.

पण हे शिकणं म्हणजे दोष दुरुस्त करणं नव्हे. ते एक जास्तीचं कौशल्य आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर हा फरक नीट समजून घ्यायला हवा. मूल घरातल्या मोठ्यांसारखंच 'पानी' म्हणत असेल, तर ती त्याची बोली आहे. वय वाढूनही ते घरच्यांपेक्षा वेगळे, न कळणारे उच्चार करत असेल, तर मात्र वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवावं.

'पानी' आणि 'पाणी' यांच्यात अंतर आहे ते बोटभर. तेवढ्यावरून कुणाची हुशारी मोजता येत नाही. पुढच्या वेळी एखाद्या रीलमध्ये 'पानी' ऐकू आलं, तर कमेंट करण्याआधी स्वतःचा 'कान' आणि 'पान' आठवून बघा.