दम्याचे औषध आणि ताटातील वाल

रायगड जिल्ह्यातील तळा तालुक्यात भात हे मुख्य पीक होय. पावसाळ्यापूर्वी राब भाजताना होणारा धूर आणि झोडणीच्या वेळी उडणारी पेंढ्याची धूळ दमेकऱ्यास फार बाधते. पावसाळ्यात दमट भिंतींवर धरणारी बुरशी त्यात भर घालते.

ॲलर्जीच्या दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते व त्या आकसतात. दम लागल्यावर घ्यावयाचा सालब्युटामॉलचा फवारा नलिका सैल करतो. सूज मात्र उतरवीत नाही. ते कार्य बुडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याचे होय. तो डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नियमित घ्यावा लागतो. बरे वाटताच तो सोडून दिल्यास सूज पुन्हा वाढते आणि ऐन सुगीत प्राणावर बेतते. फवाऱ्याची सवय लागते, ही समजूत निराधार आहे. फवारा घेतल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंड येत नाही.

या औषधास आहाराची जोड देता येईल काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. शेणखताने जमिनीतील जिवाणू पोसले जातात, तसे काही तंतुमय पदार्थांनी मोठ्या आतड्यातील उपकारक जिवाणू पोसले जातात. अशा पदार्थांना प्रीबायोटिक म्हणतात. ते आंबवून जिवाणू जी आम्ले तयार करतात, ती रक्तात मिसळून ॲलर्जीची सूज आवरण्यास साह्य करतात, असे 2014 साली उंदरांवरील प्रयोगात आढळले. ऑस्ट्रेलियात 2019 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 17 दमेकऱ्यांना 7 दिवस रोज 12 ग्रॅम इन्युलिन हा तंतू दिला असता दमा अधिक आटोक्यात राहिला. प्रयोग लहान होता. त्याच्या आधारे औषध कमी करणे धोक्याचे ठरेल.

असे तंतू वाल, चवळी, कांदा व लसूण यांत असतात. भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल घेणाऱ्या शेतकऱ्याने सर्व माल न विकता काही घरासाठी राखावा. कडधान्य आहारात हळूहळू वाढवावे, म्हणजे पोट फुगत नाही. ज्या पदार्थाची ॲलर्जी असेल, तो वर्ज्य करावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी राब व झोडणीपूर्वी दमेकऱ्यांच्या घरी जाऊन फवारा शिल्लक आहे की नाही, हे पाहावे. धुराधुळीचे काम घरातील इतरांनी करावे. धाप लागून वाक्य पुरे करता येत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर फवारा देत रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. आहार हा औषधाचा सोबती आहे. त्याचा पर्याय नव्हे.