संमुख दर्शक, विमानातील
विमानाचा वेग, उंची, कल व दिशा ही माहिती वैमानिकाच्या दृष्टिरेषेतच दाखविणारे उपकरण. वैमानिकांत ते हेड-अप डिस्प्ले या नावाने ओळखले जाते. मान खाली घालून उपकरणफलक पाहण्याची गरज त्यामुळे कमी होते.

रचना व कार्य : प्रक्षेपक, भिंगे, संगणक व पारदर्शक काच हे त्याचे प्रमुख भाग होत. प्रक्षेपकातून निघालेले किरण भिंगांमुळे समांतर होऊन काचेवरून परावर्तित होतात व चिन्हे अनंत अंतरावर असल्यासारखी भासतात. दूरची धावपट्टी व चिन्हे एकाच वेळी स्पष्ट दिसत असल्याने डोळ्यांना पुनःपुन्हा जुळवून घ्यावे लागत नाही. वाऱ्याने विमान बाजूला ढकलले जात असले, तरी ते प्रत्यक्षात कोणत्या बिंदूकडे जात आहे, हे मार्गचिन्हावरून कळते.

विकास : लढाऊ विमानांतील परावर्तक नेमसाधनापासून हे उपकरण विकसित झाले. भारतात तेजस विमानासाठी ते चंडीगढ येथील केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने तयार केले. बोइंग ७८७ या प्रवासी विमानात ते दोन्ही वैमानिकांपुढे असते.

उपयोग : रायगड किनाऱ्यावर पावसाळ्यात पाऊस व खालचे ढग यांमुळे दृश्यता घटते, रात्री काळोख्या समुद्रावर क्षितिज दिसत नाही. या जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. सामान्य उपकरण-अवतरणात सु. ६० मी. उंचीवर धावपट्टी दिसते की नाही, हे वैमानिकाने ठरवावयाचे असते. सेकंदाला सु. ३·५ मी. उतरणारे विमान त्यानंतर जेमतेम १७ सेकंदांत जमिनीवर येते. अशा वेळी नजर आतबाहेर फिरविण्यातील क्षणही मोलाचे ठरतात.

मर्यादा : चिन्हांवरच लक्ष खिळल्यास धावपट्टीवरील अडथळा नजरेतून सुटू शकतो. शिवाय संवेदकाने चुकीची माहिती दिल्यास दर्शकही चुकीचीच दाखवितो. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री मुंबईहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७४७ विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळून त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. कप्तानापुढील कलदर्शक बिघडला होता व अंधारात क्षितिज दिसत नव्हते. म्हणून संमुख दर्शक असला, तरी त्यावरील माहिती इतर स्वतंत्र उपकरणांशी पडताळून पाहणे आवश्यक असते.