मांगी-तुंगी : पाठमोऱ्या मूर्तीची कथा

सुरत-चलथाण भागात स्थायिक झालेल्या खानदेश-बागलाणातील कुटुंबांस मांगी-तुंगीचे नाव परिचित आहेच. नाशिक जिल्ह्यातील सटाणा तालुक्यात, ताहराबादेनजीक, हे दोन सुळके समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० फूट उंचीवर उभे आहेत. दिगंबर परंपरेत हे सिद्धक्षेत्र होय. प्राकृत ‘निर्वाणकांडा’त तुंगीगिरीचा उल्लेख असून राम, हनुमान, सुग्रीव आदी नव्व्याण्णव कोटी मुनी येथून मोक्षास गेले, अशी श्रद्धा आहे.

येथील लेण्यांत व कड्यांत अनेक मूर्ती कोरलेल्या आहेत. त्यांतील एक मात्र पाठमोरी आहे. तिचे मुख डोंगराकडे आणि पाठ यात्रेकरूंकडे. ती बलभद्रांची, असे सांगतात. असे का, याचे उत्तर लोककथेत मिळते.

द्वारका जळाली, श्रीकृष्णांचा वनात अंत झाला. बंधुप्रेमाने व्याकुळ बलभद्र सहा महिने तो देह खांद्यावर वाहत फिरले. अखेर भान आल्यावर त्यांनी याच डोंगरावर अंत्यसंस्कार केला, असे स्थानिक लोक मानतात व कृष्णकुंड दाखवितात. पुढे बलभद्रांनी दीक्षा घेतली. एकदा ते आहारासाठी गावात निघाले असता विहिरीवरील एक स्त्री त्यांचे रूप पाहून इतकी भान हरपली की, दोर घागरीऐवजी कडेवरील बालकाच्याच गळ्यात बांधू लागली. मुनींनी तिला सावध केले. परंतु दोष तिला दिला नाही. आपले रूपच दुसऱ्यास अपायकारक होत असेल, तर आपणच गावात जाऊ नये, असा त्यांनी निश्चय केला आणि जगाकडे पाठ करून ते तपास बसले.

भूशास्त्र या सुळक्यांची उत्पत्ती निराळी सांगते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हारसाचे हे थर. ऊनपावसाने भोवतालचा भाग झिजला आणि कठीण खडक तेवढा उरला. या दोन उत्तरांत विरोध मानण्याचे कारण नाही. एक दगडाचे उत्तर आहे, दुसरे त्या दगडाकडे पाहणाऱ्या माणसाचे.

सन २०१६ मध्ये येथे अखंड पाषाणातील १०८ फुटी ऋषभदेव मूर्तीची प्रतिष्ठा झाली आणि यात्रेकरूंची दृष्टी साहजिकच तिकडे वळली. तिच्या भव्यतेपुढे जुनी पाठमोरी मूर्ती नजरेतून निसटण्याचा संभव आहे. कथा सांगणारे वृद्ध उरले नाहीत, तर ती केवळ एक अपुरे शिल्प ठरेल. म्हणून यात्रेस जाताना मुलाबाळांस ती अवश्य दाखवावी आणि विहिरीवरची गोष्टही सांगावी.