नॅनो चांदी आणि मुगाचे दहा दाणे

मोजे, जखमेच्या पट्ट्या, पाण्याचे फिल्टर... हल्ली कशावरही ‘नॅनो सिल्व्हर’ छापलेले दिसते. चांदी म्हटले की शुद्ध, असे आपल्या मनात बसलेले आहे. पण हीच चांदी धुण्याच्या पाण्याबरोबर नाल्यात गेली तर काय होते? अमेरिकेतील काही महाविद्यालयांत रसायनशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गातच हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवतात. उत्तर त्यांनी स्वतःच्या हाताने शोधायचे असते.

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो; नॅनोकण १ ते १०० नॅनोमीटरचा. खडीसाखर पाण्यात हळू विरघळते, पिठीसाखर लगेच, कारण बारीक केलेल्या वस्तूचा पाण्याशी जास्त संबंध येतो. चांदीचेही तसेच आहे. कण जितका बारीक, तितके चांदीचे आयन त्यातून लवकर सुटतात. हे आयनच जंतू मारतात. पण जंतूंना मारणारी वस्तू पाण्यातल्या इतर जिवांना सोडेलच असे नाही.

२००८ साली अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सहा प्रकारचे मोजे पाण्यात धुऊन पाहिले. काहींतून बरीच चांदी पाण्यात उतरली, काहींतून फारशी नाही. लेबल सारखे असले तरी माल सारखा नसतो, हे त्यातून दिसले. आणि नाल्याच्या काठावर कुणाची वस्ती असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

प्रयोगशाळेत मुले सिल्व्हर नायट्रेटपासून नॅनोचांदी तयार करतात. पाणी पिवळे होते. इतकी बारीक झाली की चांदी आपला रंगही बदलते. मग त्या द्रावणात पाणी घालून कमी-कमी तीव्रतेची द्रावणे करतात आणि प्रत्येकात बिया भिजत ठेवतात. एका बशीत नुसते पाणी, एका बशीत नुसते विरघळलेले सिल्व्हर नायट्रेट. काही दिवसांनी मुळे मोजली की कळते: अपाय कोणत्या मात्रेपासून सुरू झाला, आणि तो कणांमुळे झाला की विरघळलेल्या चांदीमुळे.

सिल्व्हर नायट्रेट घरी आणू नये; त्याने कातडी आणि डोळे भाजतात. पण मात्रेचा धडा मिठानेही शिकता येतो. विहारातल्या रविवारच्या वर्गात मुलांकडून करून घ्या. ग्लासभर पाण्यात एक छोटा चमचा मीठ विरघळवा. त्यातले अर्धे दुसऱ्या ग्लासात ओतून तो साध्या पाण्याने भरा. त्यातले अर्धे तिसऱ्यात. चौथ्यात नुसते पाणी. चार बशांत ओला कापूस ठेवून प्रत्येकीत मुगाचे दहा दाणे टाका. कापूस सुकू लागला की त्याच ग्लासातले पाणी शिंपडा. चौथ्या दिवशी मोड मोजून वहीत लिहा. साध्या पाण्याची बशी विसरू नका. तिच्याशिवाय तुलना कशाशी करणार?

हा धडा बाजारातही कामाला येतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चांदी चालते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून चांगल्या फिल्टरला घाबरू नका. पण ‘सर्व रोगांवर चांदीचे पाणी’ म्हणून कुणी बाटली विकत असेल तर ती पिऊ नका. असे पाणी दीर्घकाळ प्यायल्याने कातडी निळसर-राखाडी होऊ शकते आणि तो रंग सहसा जात नाही. अशी औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ सालीच दिला आहे.

विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: यात चांदी किती? ती बाहेर किती पडते? हे कुणी तपासले? तथागतांचा धम्म ‘एहिपस्सिको’ आहे, म्हणजे या आणि स्वतः पाहा. जो माणूस धम्मही पारखून घेतो, त्याने बाटलीवरचे लेबल न पारखता का घ्यावे?