दाबतो आपण, पिळली जाते तार

मराठी वाचकाला येलवाल ठाऊक असतं ते विनोबांमुळे. सप्टेंबर १९५७ मध्ये ग्रामदान परिषद इथेच भरली होती आणि पंतप्रधान नेहरू तिला हजर होते. पुढे चारच वर्षांत शेजारच्या म्हैसूरमध्ये आयडियल जावाच्या कारखान्यातून मोटरसायकली बाहेर पडू लागल्या. आधी जावा, मग १९७३ पासून येझदी. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला, पण त्या गाड्या जपणारे आजही आहेत. येलवालवरून हुणसूरकडे जाताना अशी जुनी येझदी स्पीडब्रेकरवर आदळली, ब्रेक दाबताच नाक खुपसू लागली, की मालक म्हणतो, "पुढच्या शॉकअपच्या स्प्रिंगा मऊ पडल्या."

गंमत अशी की स्प्रिंग म्हातारपणी मऊ पडतच नाही म्हटलं तरी चालेल. ती बुटकी होते.

हे समजायला स्प्रिंगच्या आत काय चालतं ते पाहावं लागतं. स्प्रिंग दाबली की तार दबत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तार स्वतःभोवती पिळली जाते. वेढे एकमेकांजवळ येतात, पण प्रत्येक वेढ्यातलं पोलाद मुख्यतः पीळ सोसत असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; स्प्रिंगचं काम याच्या नेमकं उलट, पीळ घ्यायचा आणि लगेच सोडायचा. वर्षानुवर्षं ओझ्याखाली राहिल्यावर त्यातला थोडा पीळ तारेत मुरतो. स्प्रिंग पूर्ण उलगडत नाही, म्हणजेच ‘बसते’. पोलादाचा पिळाला होणारा विरोध मात्र जवळपास तोच राहतो. म्हणून नुसती बसलेली स्प्रिंग असेल, तर तिच्या डोक्यावर पाइपचा योग्य मापाचा तुकडा ठेवला की गाडीची उंची परत येते. गाडी वर येते, पण त्यामुळे स्प्रिंग कडक होत नाही.

खरा कडकपणा हवा असेल तर तार जाड हवी, आणि इथे आकडे चकित करतात. ४ मिलिमीटरऐवजी ४.४ मिलिमीटरची तार घ्या, बाकी मापं तीच ठेवा. जाडी वाढली दहा टक्के, कडकपणा वाढतो तब्बल ४६ टक्के! कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाड तारेत पोलाद जास्त असतं हे झालं एक कारण. दुसरं असं, की ते पोलाद मध्यापासून लांब असतं. लांबचं पोलाद जास्त ताणलं जातं आणि पिळाला विरोधही लांबच्या हातानं करतं. वेढे कमी केले तरी कडकपणा वाढतो, पण नुसत्या व्यस्त प्रमाणात. दहातला एक वेढा कापला तर जेमतेम ११ टक्के, आणि लांबी गेली ती वेगळीच.

एवढा कडकपणा लागतो कशाला? गाडी आणि स्वार मिळून २१० किलो धरू, आणि एकूण गुरुत्वमध्याची उंची दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्मी. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोरानं ब्रेक लावला तर सुमारे ५० किलो भार मागच्या चाकावरून पुढच्यावर सरकतो. मऊ स्प्रिंग तेवढ्यानंच जवळजवळ मिटते. मग पुढचा खड्डा झेलायला जागाच उरत नाही.

शॉकअपमध्ये आणखी एक स्प्रिंग असते, न दिसणारी. तेलाच्या वर कोंडलेली हवा. शॉकअप मिटत जातो तशी तिची जागा घटते. जागा निम्मी झाली की दाब दुप्पट होतो. म्हणून तेलाची पातळी थोडी वाढवली तर शेवटच्या टप्प्यात शॉकअप कडक होतो. फार वाढवली तर ऑइल सील फुटू शकतं. तेल मात्र स्प्रिंग नव्हे. ते अरुंद छिद्रांतून जाताना धक्क्याची ऊर्जा उष्णतेत घालवतं. नवी कडक स्प्रिंग जोरानं उसळते, तेव्हा तिला आवरायला बहुधा थोडं घट्ट तेल लागतं. तेल जुनंच ठेवलं तर गाडी खड्ड्यानंतर डोलत राहते, आणि दोष विनाकारण नव्या स्प्रिंगवर येतो.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी पट्टी घ्यावी. पुढचं चाक अधांतरी असताना शॉकअपची लांबी मोजायची, मग स्वार बसल्यावर पुन्हा. फरक एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असेल तर ठीक. १२० मिलिमीटर हालचाल असेल तर ३० ते ४०. फरक याहून जास्त निघाला तर स्प्रिंग बाहेर काढून तिची मोकळी लांबी मूळ मापाशी ताडायची. बुटकी निघाली तर पाइपचा तुकडा पुरेल. लांबी शाबूत असूनही गाडी बसत असेल, तर जाड तारेची स्प्रिंग घ्यायची. झाकण उघडताना तेवढी काळजी घ्या. आत दाबलेली स्प्रिंग अजून आपला पीळ सोडायची वाट पाहत असते, आणि ती तो झाकणासकट सोडते.