निळ्या लाटेतील विष

२०२० च्या हिवाळ्याच्या प्रारंभी जुहू आणि देवगडच्या किनाऱ्यांवर रात्रीच्या लाटा निळ्या प्रकाशाने उजळल्या. हा प्रकाश ‘नॉक्टिल्युका सिंटिलान्स’ या सागरी सूक्ष्मजीवाचा होता.

हा जीव एकपेशीय असला, तरी कधी कधी २ मिलिमीटरपर्यंत वाढतो व नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. रूप भिजलेल्या साबुदाण्याच्या बारीक कणासारखे: गोल आणि पारदर्शक. त्याच्या अनेक भाईबंदांभोवती असणारे कठीण कवच त्याला नाही. एका खाचेतून बाहेर आलेल्या सोंडेसारख्या अवयवाच्या साह्याने तो इतर सूक्ष्म शैवाल पकडून गिळतो. पेशीचा बहुतेक भाग द्रवाने भरलेला असतो. त्या द्रवात साठलेल्या अमोनियामुळे तो समुद्राच्या पाण्यापेक्षा हलका होऊन पृष्ठभागी तरंगतो. लाटेचा धक्का बसताच पेशीतील रासायनिक क्रियेने क्षणभर प्रकाश पडतो. अरबी समुद्रातील याच्या एका प्रकारात हिरवे शैवाल पेशीच्या आतच राहते. त्यामुळे दिवसा पाणी हिरवे दिसते.

मग याला विषारी म्हणावे का? काही सागरी शैवाल शिंपल्यांत साठणारे जहाल विष स्वतः तयार करतात. नॉक्टिल्युका तसे करीत नाही. परंतु तो प्रचंड संख्येने वाढून मरू लागला, की पेशींतील अमोनिया पाण्यात मिसळतो आणि कुजण्याच्या क्रियेत प्राणवायू खर्च होतो. माशांचा श्वास कोंडतो, तसाच मच्छीमारांचा चरितार्थही. हेल्गा गोम्स, जोआकिम गोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अरबी समुद्रातील अशा वाढीचा संबंध कमी प्राणवायूच्या पाण्याशी जोडला.

समुद्रकिनारा नसलेल्या कल्याण-डोंबिवलीचाही या प्रश्नाशी संबंध येतो. येथून वाहणारी उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, तर ठाण्याची खाडी मुंबई बंदराकडे उघडते. प्रक्रियेविना सोडलेल्या सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस सूक्ष्म शैवालांचे खाद्य बनतात आणि ती शैवाले नॉक्टिल्युकाचे. ऋतू, वारे व तापमान यांवर मानवाचा तात्काळ ताबा नाही. सांडपाण्यावर मात्र आहे.

सूक्ष्म शैवाल हे मुळात शत्रू नव्हेत. २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळालेल्या ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या आहारात त्यांचाही समावेश असतो. अन्नसाखळीचा हा पाया प्रमाणाबाहेर वाढला, तरच घातक ठरतो. आणि ते प्रमाण राखण्याचे काम नगरातील प्रत्येक मोरीपासून सुरू होते.