झिरोच्या पावसात रेडिओचा माइक

अरुणाचल प्रदेशातल्या झिरो खोऱ्यात २०१२ पासून भरणारा स्वतंत्र संगीताचा महोत्सव रेडिओसाठी टिपायला मिळणं म्हणजे भाग्यच! आपातानी लोकांची भातशेती, स्थानिक कारागिरांनी उभारलेले बांबूचे मंच, आणि सप्टेंबरअखेरचा पाऊस. घोट्यापर्यंत चिखल असतो, तरी माणसं गमबूट घालून नाचतात.

अशा ठिकाणी जाणाऱ्या नव्या रेडिओ बातमीदारांनो, कंडेन्सर माइक दमट हवेत खरखरायला लागतो. मुलाखतीला साधा डायनॅमिक माइकच घ्या. वाऱ्यासाठीचं केसाळ कव्हर भिजलं की आवाज दबतो, म्हणून दुसरं कोरडं जवळ हवंच. रेडिओवाल्याने छत्रीखाली मुलाखत घेऊ नये, थेंबांची टपटप शब्द गिळते. रेनकोटची टोपीही मागे सारा, तिची सळसळ माइक हमखास पकडतो. कानाला हेडफोन हवाच.

शक्य असेल तर गाण्याचा आवाज परवानगी घेऊन थेट मिक्सरवरून घ्या आणि गर्दीचा, पावसाचा वेगळा रेकॉर्ड करा. नुसता मिक्सरचा आवाज स्टुडिओत वाजवल्यासारखा कोरडा वाटतो. दोन्ही जुळवले की ऐकणाऱ्याला ती जागा दिसते, आणि माझ्या मते रेडिओची खरी ताकद इथेच आहे.

खासगी एफएमवाल्यांनी बिचकू नये. स्वतःच्या बातम्या देण्यावर बंधन असलं, तरी सांस्कृतिक कार्यक्रम आणि उत्सवांचं वार्तांकन २०११ च्या धोरणानुसार त्यात मोडत नाही.

आणि हो, अरुणाचलात शिरायला इनर लाइन परमिट लागतं. निघण्याआधीच काढा!